रेशीम दिसलं की बंद

माझे भावोजी अकरा वर्षं कामावर झोपले. मी कुणाची चहाडी करत नाहीये. त्यांनी स्वतः तीन माणसांच्या समितीपुढे उभं राहून हे सांगितलं, आणि टिपणं घ्यायला दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून ते वाक्य माझ्याच हातून कागदावर उतरलं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. आम्ही दोघं एकाच संस्थेत नोकरीला. मी खरेदी विभागात, म्हणजे दुसऱ्यांना लागणाऱ्या वस्तू उशिरा आणि चुकीच्या मागवण्याच्या कामावर. ते तळघरातल्या प्रयोगशाळेत सहायक. विद्यार्थी त्यांना मामा म्हणतात. ठेंगणे, गोल, नखांत कायमचा तपकिरी मळ, आणि खिशात पेनाच्या जागी काचेची एक बारीक कांडी. झोपेच्या बाबतीत मात्र माणूस असामान्य. लग्नाच्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आहेत आणि त्यात फोटोग्राफरचा काहीही दोष नाही.

त्या प्रयोगशाळेत ग्राफीन बनवतात. मला ते ज्या पद्धतीने समजलं त्याच पद्धतीने सांगते, कारण याहून जास्त मलाही कळलेलं नाही. पेन्सिलीत जे काळं असतं ना, ते म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या कागदांचा गठ्ठा. त्यातला एकच सुटा कागद म्हणजे ग्राफीन. गठ्ठ्याला आधी आम्लात भिजवून ढिला करायचा, मग पाण्यात टाकून त्याला असा काही आवाज ऐकवायचा की घाबरून कागद सुटे व्हावेत. सुटलेल्या कागदांवर मँगनीजचे कण चढवायचे. झाली संकरित भुकटी. तीच भुकटी प्लास्टिकच्या राळेत कालवली की पत्रा मजबूत होतो, आणि तीच पातळ पट्टीवर माखली की वीज साठवते. म्हणजे उद्या बॅटरीची पेटीच बॅटरीचं काम करील, असं प्रयोगशाळेचे प्रमुख गेली अकरा वर्षं सांगत आहेत. त्यांना सगळे सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

आवाज ऐकवणाऱ्या यंत्राला सोनिकेटर म्हणतात. आमच्याकडे त्याचं नाव कर्कशा. चालू झाली की पत्र्यावर कोणीतरी सुरी ओढत बसल्यासारखं वाटायचं, आणि ते थांबायचंच नाही. तक्रारी इतक्या आल्या की तिला तळघरातल्या एका खोलीत टाकलं, खोलीला दुहेरी दार लावलं, भिंतींना फोमचे तक्ते ठोकले, बाहेर लाल दिवा बसवला. लाल दिवा लागलेला असताना आत जायचं नाही. सरांच्या दाढेत चांदी भरलेली होती आणि कर्कशेचा आवाज नेमका त्या दाढेत शिरायचा, म्हणून सर त्या खोलीत कधीच गेले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायला दाढ हे उत्तम कारण आहे.

कृतीत लिहिलं होतं, कर्कशा आठ तास चालवावी. आठच का? कारण सहायकाची ड्युटी आठ तासांची. कुठल्याशा जुन्या विद्यार्थ्याने कधीतरी सकाळी चालू करून संध्याकाळी बंद केली असणार, तेच पुढे छापलं गेलं. एकदा छापलं की ते शास्त्र.

भावोजींना हे काम लागलं तेव्हा पहिला आठवडा ते खरोखर आठ तास बसले. कानावर जाड मफ, समोर यंत्र, मांडीवर हात. त्या आठवड्यातले सगळे नमुने टाकाऊ निघाले. सर म्हणाले, "नवीन माणूस आहे, हात बसायचाय." दुसऱ्या आठवड्यात भावोजींनी पाऊण तासाने यंत्र बंद केलं, लाल दिवा तसाच ठेवला, पुठ्ठ्याचे खोके उलगडून जमिनीवर पसरले आणि झोपले. त्या आठवड्यातले नमुने झकास निघाले. सर म्हणाले, "बसला हात." भावोजींनाही तसंच वाटलं.

पण त्यांची झोप बेशिस्त नव्हती, हे मला मान्य करावंच लागेल. ते यंत्र बंद कधी करायचे? घड्याळ बघून नाही. थोड्या थोड्या वेळाने ते भांड्यात कांडी बुडवून फिरवायचे. सुरुवातीला नुसतं गढूळ पाणी. मग कोऱ्या चहासारखा स्वच्छ तपकिरी रंग. आणि मग एका क्षणी कांडीच्या मागे चमकदार पट्टे उठायचे, रेशमाचं कापड हलवावं तसे. ते पट्टे त्यांना फार आवडायचे. दोन मिनिटं कांडी फिरवत बघत बसायचे, आणि मग बटण बंद. रेशीम दिसलं म्हणजे गठ्ठा सुटला, सुटल्यावर त्या बिचाऱ्याला आणखी कशाला छळायचं, असा त्यांचा हिशेब.

या सगळ्यात ताई कुठे आली, ते आता सांगते. तेच सगळ्यात वाईट आहे.

ताईला वाटायचं की आपला नवरा रोज आठ तास त्या आवाजात बसतो. वाटणारच. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या डोळ्यांवर झापड असायची, चेहरा सुजलेला असायचा. जास्त झोपलं की होतं तसं, पण हे मला आज कळतंय. ताईने घर गप्प केलं. रेडिओ कपाटावर गेला. दारावरची घंटी काढली आणि पाहुण्यांना बोटाने टकटक करायला शिकवलं. संध्याकाळी ते खुर्चीत बसले की ती कापसाचे दोन बोळे वळायची आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या कानांत घालायची. मुलाला इतकं हळू बोलायची सवय लावली की आज तो परगावी नोकरी करतो आणि त्याचे साहेब त्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावतात. ताईचा स्वतःचा आवाज तर आमच्या माहेरी गाजलेला. ती अंगणात हसली की गल्लीच्या टोकाला कळायचं. तो आवाज तिने खाली आणला, अगदी दवाखान्यात बोलतात तेवढा.

आणि तिचं शिवणयंत्र. ती शर्ट, पडदे, अभ्रे शिवायची, चांगली गिऱ्हाइकं होती. यंत्र जुनं, पायाचं, मालगाडीसारखं वाजणारं. भावोजींना रविवारी तरी शांतता मिळावी म्हणून तिने ते उचलून माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. अकरा वर्षं ते तिथेच होतं. मी पोळपाट उचलायला वळले की माझा गुडघा त्याच्या चाकावर आपटायचा. ताई रोज दुपारी माझ्या घराची किल्ली घेऊन यायची, शिवायची, संध्याकाळच्या आत परत जायची. निम्मी गिऱ्हाइकं एवढ्या लांब येईनात, म्हणून सुटली. ती कधी कुरकुरली नाही. म्हणायची, "त्यांच्या कानांपेक्षा काय मोठं आहे?"

पाच वर्षांपूर्वी संस्थेने भावोजींना अखंड सेवेचं मानपत्र दिलं. 'कठीण परिस्थितीत न थकता' असे शब्द होते त्यात. थकायचे कुठून. ताईने त्याला चौकट केली, समोरच्या भिंतीवर खिळा ठोकला आणि रोज सकाळी काच पुसायला लागली.

आता माझी चूक. गेल्या वर्षी कर्कशा जळाली. नवं यंत्र मागवायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या अंगात भलताच कळवळा संचारला. म्हटलं, भावोजींचे निवृत्तीला थोडे महिने राहिलेत, आता तरी त्यांचे कान सुटू देत. मी असं यंत्र मागवलं की ज्याच्याजवळ माणूस लागतच नाही. झाकण बंद करा, आठ तासांचा टायमर लावा, निघून जा. आठ तास होईपर्यंत बटण दाबलं तरी थांबत नाही, झाकण उघडत नाही, आणि शेवटी मिनिटामिनिटाची नोंद छापून देतं. भावोजींना मी ही बातमी पेढे वाटावेत अशा थाटात दिली. ते इतके पांढरे पडले की मला वाटलं, आनंद झाला.

त्यांना वरच्या मजल्यावर काचेची भांडी धुवायला बसवलं. दुपारी नळाखाली हात धरून ते उभ्या उभ्या पेंगायचे.

आणि चार महिन्यांनी लक्षात आलं, ग्राफीन बिघडलंय.

त्या वेळी प्रयोगशाळेत एक मुलगी पीएचडी करत होती. तिला भावोजींनी नाव ठेवलं होतं मोजपट्टी, कारण ती सगळं मोजायची. पाण्याचं तापमान, खोलीतली दमट हवा, भुकटीचा चिमूटभर भाग, स्वतःची चहा पिण्याची वेळसुद्धा. तिच्या आदल्या वर्षीच्या राळेच्या पट्ट्या ताणयंत्रावर तुटता तुटत नव्हत्या. तिच्या पैशाएवढ्या चकतीत साठवलेल्या विजेवर बोटभर लांबीचा एक छोटा पंखा अकरा मिनिटं फिरला होता. सरांनी ते आकडे घेऊन लेख छापला. बॅटरीच्या पेट्या बनवणारी एक कंपनी आली, म्हणाली, पुन्हा करून दाखवा. मोजपट्टीने पुन्हा केलं, तीच कृती, तोच हात. पट्टी खारी बिस्किटासारखी मोडली. पंखा अडीच मिनिटांत थांबला.

तिने एकोणीस वेळा केलं. एकोणीस वेळा तेच. कंपनीची माणसं एकमेकांकडे बघत निघून गेली. सरांनी आधी पाण्याला दोष दिला, मग राळेला, मग हवेला, आणि नाचता येईना म्हणून अंगणही संपलं तेव्हा मुलीला. आदल्या वर्षीचे आकडे तिने घरी बसून लिहिले, असं त्यांचं म्हणणं. समिती नेमली. बुधवारपर्यंत खुलासा झाला नाही तर लेख मागे घ्यायचा, मुलीचं नाव कमी करायचं आणि तसं पत्र द्यायचं. असं पत्र घेऊन ती कुठे जाणार होती? शाळेतसुद्धा तिला कोणी शिकवायला ठेवलं नसतं.

सोमवारी भावोजी भांड्यांची टोपली घेऊन जिन्याने खाली येत होते. मोजपट्टी पायरीवर बसली होती, मांडीवर मोडक्या पट्ट्यांची पिशवी. तिने त्यांना आपली वही दाखवली. कृतीतल्या प्रत्येक ओळीपुढे तिने तपासल्याची खूण केली होती, काही ओळींपुढे चार चार खुणा. एकाच ओळीपुढे काही नव्हतं. 'सोनिकेटर, आठ तास, मामा.'

"मामा, मी सगळ्यावर संशय घेतला," ती म्हणाली. "स्वतःवरसुद्धा घेतला. मला आता खरंच वाटायला लागलंय की मी आकडे मनाने लिहिले असतील. फक्त ह्या ओळीवर नाही घेतला. ती तुमची आहे."

भावोजी तिथून थेट माझ्या टेबलापाशी आले. हातात टोपली तशीच, खाली पाणी ठिबकतंय.

"मेव्हणीबाई, तुमचं ते नवं यंत्र मधेच थांबवायचं असेल तर कसं थांबवतात?"

"थांबत नाही. त्यासाठीच जास्त किमतीचं घेतलंय. का?"

मग त्यांनी सांगितलं. पुठ्ठे, लाल दिवा, रेशीम, सगळं. नव्या यंत्रातून निघालेलं पाणी त्यांनी महिन्याभरापूर्वीच कांडीने ढवळून पाहिलं होतं. रंग होता, पट्टे नव्हते. "सुटले होते गं कागद," ते म्हणाले, "पण पुढचे सात तास त्यांना मारतच राहिलं की यंत्र. कपटे झाले कपटे. कपट्यांनी काय पत्रा धरणार आणि कसली वीज पुढे जाणार?"

"महिन्याभरापूर्वी कळलं आणि आज सांगताय?"

त्यांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली.

मला राग आला, आणि खरं सांगते, तो मुलीसाठी नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे माझा गुडघा आला. म्हटलं, "भावोजी, अकरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात मालगाडी उभी आहे. अकरा वर्षं ताई तुमच्या कानांत कापूस घालतेय. तुम्ही घालून घेताय."

"पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. मग तिने घंटी काढली. मग रेडिओ वर ठेवला. तिने एकेक गोष्ट केली आणि एकेका गोष्टीनं माझं तोंड शिवलं गेलं. समितीला मी सांगतो. नोकरी गेली तर गेली. तुझ्या ताईला कळू देऊ नकोस, एवढंच."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चोर माझ्यासमोर भर दुपारी टोपली घेऊन उभा होता. मी म्हटलं, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगाल." ते भांडी घेऊन वर गेले.

बुधवारी समिती बसली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना ऐकू कमी येत होतं. दुसरे आस्थापना अधिकारी, ज्यांना फक्त नियम ऐकू येत होते. तिसऱ्या शेजारच्या विभागातल्या बाई, त्या एकट्याच ऐकत होत्या. समोर सर, कोपऱ्यात मोजपट्टी, आणि मी टिपणांना.

भावोजी उभे राहिले. "साहेब, मुलीची काही चूक नाही. जुनं यंत्र आठ तास चालतच नव्हतं. पाऊण तासात मी बंद करत होतो."

"मग उरलेला वेळ काय करत होता?" आस्थापना अधिकाऱ्यांनी विचारलं.

"झोपत होतो."

"किती वेळ?"

"साडेसहा तास. मधे जेवणाची सुट्टी."

"आणि सुट्टीत?"

"सुट्टीत जेवत होतो, साहेब. सुट्टीत कामाचं काही करत नव्हतो."

अध्यक्षांनी बाईंना विचारलं, "काय म्हणाले?" बाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. अध्यक्ष भावोजींकडे वळून म्हणाले, "अकरा वर्षं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. हेवा होता, असं मला अजून वाटतं.

सर मात्र लाल झाले. आठ तासांची पद्धत म्हणजे त्यांची कीर्ती. कितीतरी प्रयोगशाळांमधले लोक आठ तास आपल्या कर्कशा चालवत होते, त्यांना सरांसारखे आकडे मिळत नव्हते, आणि ते बिचारे आपापल्या पाण्याला दोष देत होते. सर म्हणाले, "हा माणूस मुलीला वाचवायला खोटं बोलतोय. झोपेने कधी ग्राफीन सुधारतं का?"

मग बाई म्हणाल्या, "करून बघू या ना. भांडण कशाला?"

आम्ही सगळे तळघरात गेलो. सगळ्यांच्या कानांवर मफ, सरांचा हात शिवाय जबड्यावर. मोजपट्टीने भुकटी मोजून पाण्यात टाकली. भावोजींनी झाकण लावलं, यंत्र सुरू झालं, पडद्यावर आठ तास उलटे मोजायला लागले. अर्ध्या तासाने भावोजींनी बटण दाबलं. यंत्र थांबलं नाही. पुन्हा दाबलं. आस्थापना अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी वर छताकडे पाहिलं. मग भावोजी वाकले आणि त्यांनी भिंतीतला प्लग काढला.

यंत्र गप्प झालं, झाकण सुटलं. कांडी बुडवली, फिरवली. नुसता चहा. परत प्लग लावला. चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा काढला. अजून नाही. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी कांडी फिरवली आणि हात थांबवला. मोजपट्टी पुढे वाकली. तपकिरी पाण्यात कांडीच्या मागे मऊ चमकते पट्टे उठले, एकमेकांत वळले आणि हळूहळू विरले. अकरा वर्षं एका माणसाने एकट्याने पाहिलेली गोष्ट आज सहा जणांनी पाहिली. बाई नकळत म्हणाल्या, "किती सुंदर आहे हे."

"हे रेशीम," भावोजी मोजपट्टीला म्हणाले. "हे दिसलं की बंद करायचं. पुढे जायचं नाही."

"आणि पुढे?" तिने वही उघडली होती.

"पुढे मी झोपायचो. ते तुझं तू ठरव."

पट्ट्या वाळायला आणि चकत्या बनायला तीन दिवस लागले. शनिवारी ताणयंत्रावर पट्टी लावली, काटा वर चढत गेला आणि आदल्या वर्षीच्या आकड्याच्याही थोडा पुढे जाऊन पट्टी तुटली. पंखा लावला. मोजपट्टी घड्याळ घेऊन बसली होती. अडीच मिनिटं झाली तेव्हा तिने डोळे मिटले. पंखा फिरतच होता. अकराव्या मिनिटाला ती रडायला लागली, आणि रडत रडत बाराव्या मिनिटाची नोंद केली.

तिचं नाव राहिलं. सरांनी लेखात दुरुस्ती छापली, तीही अशी की जणू हा शोध त्यांना दाढदुखीतूनच लागला. पण तिच्या प्रबंधात कृतीच्या पानावर आठ तास खोडले आहेत, आणि तिथे लिहिलंय, 'कांडीमागे रेशमी पट्टे दिसेपर्यंत. हे मामांनी ओळखलं.' सरांनी हे वाक्य दोनदा काढलं, तिने दोनदा परत घातलं.

संस्थेनेही आपलं काम चोख केलं. सोमवारी आदेश निघाला. कामावर झोपल्याबद्दल कडक ताकीद, आणि अखंड सेवेचं मानपत्र रद्द, सबब ते चौकटीसह कार्यालयात जमा करावं. चौकट ताईची होती, खिळाही तिचा. पण आदेशात चौकटीसह लिहिलं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. वाटेत ते म्हणाले, "काच तडकली म्हणून दुरुस्तीला नेतो असं सांगतो." मी म्हटलं, "सांगा. मी ऐकायला येतेच आहे."

दारावर बोटाने टकटक केली. ताईने दार उघडलं, नेहमीप्रमाणे खुर्ची पुढे केली, कापसाचा डबा घेतला आणि बोळे वळायला लागली. भावोजी बसले नाहीत. स्टूल ओढून त्यावर चढले आणि मानपत्र खाली काढलं. खिळा तेवढा राहिला.

"काय झालं?" ताईने तिच्या त्या दवाखान्याच्या आवाजात विचारलं.

स्टुलावर उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. काच तडकल्याचं काही बोलले नाहीत. पुठ्ठ्यापासून प्लगपर्यंत सगळं सांगितलं, मधे मला एकदाही बोलावं लागलं नाही. ताईच्या हातात अर्धा वळलेला बोळा होता.

"म्हणजे कान?" तिने विचारलं.

"कान ठीक आहेत."

"मी इतकी वर्षं हळू बोलत होते, ते सगळं..."

"ऐकू येत होतं."

तिने बोळा डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा ओरडेल. मी पुढे झाले. ती मला म्हणाली, "तुझ्या घरी चल. यंत्र आणायचंय." मग हातगाडीवाला गाठला, आणि दोघी दोन्ही बाजूंनी धरून चालत ते यंत्र घेऊन आलो. रस्त्यात ती एकदाच बोलली. "मला राग झोपेचा नाही आला गं," ती म्हणाली, "कापूस घालताना ते मान वाकवून देत होते, त्याचा आला." आणि हे ती तिच्या खऱ्या आवाजात म्हणाली. रस्त्यापलीकडच्या दोन बायांनी वळून पाहिलं.

शिवणयंत्र तिने समोरच्या खोलीत ठेवलं, भावोजींच्या खाटेला खेटून, रिकाम्या खिळ्याच्या खाली. दारावर नवी घंटी बसवली, दोन मजले ऐकू जाणारी. रेडिओ कपाटावरून उतरला.

भावोजी आता निवृत्त झालेत. आयुष्यभर ज्या दुपारच्या झोपेसाठी त्यांनी शास्त्राला फसवलं, ती आता हक्काने घेता येईल अशी वेळ आली आहे. रोज दोन वाजता ते खाटेवर आडवे होतात आणि रोज दोन वाजता ताई यंत्रावर बसते. दुपारभर खोलीत मालगाडी चालते. तिची सुटलेली गिऱ्हाइकं परत आली आहेत, नवी मिळाली आहेत, आणि ती त्यांच्याशी बोलते तेव्हा गल्लीला कळतं.

मी परवा गेले होते. भावोजी छताकडे बघत पडले होते, डोळे टक्क उघडे. मधेच उठून त्यांनी रिकामी बॉबिन घेतली, दोरा भरून तिच्या हाताशी ठेवला आणि पुन्हा आडवे झाले. ताई आत पाणी प्यायला गेली तेव्हा मी विचारलं, "भावोजी, झोप लागते का हो या खडखडाटात?"

"नाही लागत."

"मग सांगा ना तिला. यंत्र दुसऱ्या खोलीत नेईल. एवढी काही दुष्ट नाही ती."

"माहितीय," ते म्हणाले. "सांगितलं तर लगेच नेईल. म्हणून तर सांगत नाही."

ताई परत आली. त्यांनी मान उशीवर नीट टेकवली, आणि बोट वर करून मला गप्प बसायची खूण केली. "अजून दहा वर्षं चार महिने," ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, आणि तिने पायडलवर पाय ठेवला.